कॅप्चा खरंच अडवतो का? एका गृहीतकाचा इतिहास

नेटचा फॉर्म भरा, तत्काळ तिकीट काढा किंवा नवं ईमेल खातं उघडा, मध्ये कुठेतरी तुम्हाला माणूस असल्याचा पुरावा द्यावा लागतो. वेडीवाकडी अक्षरं वाचून टाइप करा, नाहीतर नऊ चौकोनांतले ट्रॅफिक सिग्नल निवडा. याला कॅप्चा म्हणतात हे तुम्हाला माहीत आहेच. आजचा प्रश्न असा: चित्र दाखवून यंत्राचा हल्ला खरंच थांबतो का?

कुणालाही विचारलंत तर उत्तर मिळेल, "आधी थांबायचा, आता एआय आलं म्हणून थांबत नाही." हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. इतिहास नीट पाहिला तर आजचं एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून कॅप्चा मोडत होते. आणि अनेकदा ते ज्या कारणाने मोडतील असं त्यांच्या निर्मात्यांना वाटलं होतं, त्या कारणाने मोडलेच नाहीत. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर ही गोष्ट मुद्दाम वाचा. तिच्या मध्यभागी एक फार देखणं गृहीतक आहे, आणि देखण्या गृहीतकांपासून आपल्यासारख्यांनीच जास्त सावध राहायला हवं.

सुरुवात: स्कॅनरच्या पुस्तिकेपासून

कल्पना पहिल्यांदा कागदावर आली १९९६ मध्ये. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या मोनी नाओर यांनी एक छोटं टिपण लिहिलं. दूरच्या टोकाला माणूस आहे की प्रोग्राम, हे ठरवायला माणसाला सोपं आणि यंत्राला अवघड असं काहीतरी विचारावं, असं त्यात सुचवलं होतं. ते टिपण रीतसर प्रसिद्ध झालं नाही.

प्रत्यक्ष गरज पडली ती अल्टाव्हिस्टाला. गूगलच्या आधीचं हे मोठं सर्च इंजिन. आपल्या संकेतस्थळाचा पत्ता त्यांच्या सूचीत कुणीही घालू शकत असे. साहजिकच काही लोकांनी प्रोग्राम लिहिले आणि हजारोंनी पत्ते ओतायला सुरुवात केली. १९९७ मध्ये आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला, तो असा: अक्षरांचं चित्र दाखवायचं आणि ती वाचून लिहायला सांगायची. चित्र यंत्राला वाचता येऊ नये म्हणून काय करायचं? त्यांनी आपल्या स्कॅनरची माहितीपुस्तिका उघडली. मजकूर नीट ओळखला जावा म्हणून एकच फॉन्ट वापरा, कागद सरळ ठेवा, पार्श्वभूमी स्वच्छ असू द्या, अशा सूचना तिथे होत्या. त्यांनी नेमकं उलट केलं. ब्रोडर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे अशा आगंतुक नोंदी ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अल्टाव्हिस्टाच्या मंडळींनी कुठलाही सिद्धांत मांडला नव्हता. त्या वर्षी, त्या प्रोग्रामांसमोर, तो उपाय पुरला एवढंच.

देखणं गृहीतक

सिद्धांत आला कार्नेगी मेलन विद्यापीठातून. २००० साली याहूच्या चॅटरूममध्ये माणसाच्या वेषातले प्रोग्राम घुसून जाहिराती टाकत होते. याहूचे उदी मॅन्बर ही अडचण घेऊन कार्नेगी मेलनकडे गेले. तिथे मॅन्युएल ब्लम होते, १९९५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्यासोबत लुईस फॉन आन आणि निकोलस हॉपर हे विद्यार्थी, आणि आयबीएममधले जॉन लँगफर्ड. या चौघांनी 'कॅप्चा' हे नाव दिलं. इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेल्या या नावाचा अर्थ साधारण असा: संगणक आणि माणूस यांना वेगळं ओळखणारी, संपूर्ण स्वयंचलित, सार्वजनिक ट्युरिंग चाचणी. ट्युरिंगच्या १९५० च्या मूळ कल्पनेत परीक्षक माणूस असतो. इथे परीक्षकही यंत्रच.

नावातला 'सार्वजनिक' हा शब्द फार महत्त्वाचा. प्रोग्राम उघड असला तरी चाचणी टिकली पाहिजे, सुरक्षितता गुपितावर उभी नको. हा विचार कूटशास्त्रातून आला. २००३ च्या युरोक्रिप्ट परिषदेत या चौघांनी जो शोधनिबंध मांडला, त्यात ही तुलना स्पष्टच आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड आहे, यावर जसं आरएसए उभं आहे, तसं एआयमधल्या एखाद्या न सुटलेल्या प्रश्नावर कॅप्चा उभा करायचा.

आणि मग ते वाक्य येतं, ज्यामुळे हा निबंध प्रसिद्ध झाला. आशय असा: कॅप्चा मोडला नाही, तर माणूस आणि यंत्र वेगळं ओळखायचं साधन आपल्या हाती आहे. मोडला, तर एआयमधला एक कठीण प्रश्न सुटला. दोन्हीकडून आपलाच फायदा!

किती सुंदर आहे ना हे? हल्लेखोरालाही फुकटात संशोधनाला लावायचं. पण जरा थांबा आणि विचारा: या दोनच शक्यता आहेत का? आणि 'कठीण प्रश्न' म्हणजे नक्की काय? त्या निबंधातच व्याख्या आहे. सध्याचा कुठलाही प्रोग्राम तो सोडवत नाही, आणि तो कठीण आहे यावर एआयच्या अभ्यासकांचं एकमत आहे, तो प्रश्न कठीण. म्हणजे पायाशी काय आहे? सिद्धता नाही, एकमत आहे. लेखकांनी ते लपवलं नव्हतं. वाचणाऱ्यांनीच पुढे ते विसरून टाकलं.

पहिली मोडतोड, आणि ती नियमाप्रमाणे

याहूने ईझी-गिम्पी नावाचा कॅप्चा वापरायला घेतला. शब्दकोशातला एक इंग्रजी शब्द, वाकवलेला आणि मळकट पार्श्वभूमीवर. २००३ मध्येच बर्कलीच्या ग्रेग मोरी आणि जितेंद्र मलिक यांनी तो ९२ टक्के वेळा सोडवून दाखवला. एकमेकांवर चढवलेले शब्द दाखवणारा कठीण गिम्पीसुद्धा ३३ टक्के वेळा. आयआयटी कानपूरमधून शिकलेले मलिक संगणकदृष्टीतले मोठे नाव. त्यांच्या गटाचं काम मुळात वस्तूंचे आकार ओळखण्यावर होतं आणि कॅप्चा हे त्याचं एक उदाहरण ठरलं. इथे गृहीतक खरं ठरलं म्हणायला हरकत नाही. कॅप्चा मोडला, आणि गर्दीतून आकार ओळखण्याचं शास्त्रही पुढे सरकलं.

तरी एक बारीक गोष्ट आहेच. ईझी-गिम्पीच्या शब्दकोशात अवघे ५६१ शब्द होते. म्हणजे यंत्राला 'कुठलाही शब्द वाच' असं कुणी सांगतच नव्हतं, ५६१ पैकी एक निवडायचा होता.

मग आडवाटा सुरू झाल्या

२००७ मध्ये ब्रिटनच्या न्यूकासल विद्यापीठातल्या जेफ यान यांच्या गटाने एका चालू कॅप्चाकडे पाहिलं. अक्षरं वाकवलेली होती, ओळखायला अवघड. पण त्यांच्या लक्षात आलं की अक्षर कसंही वाकवलं तरी त्यातल्या काळ्या ठिपक्यांची संख्या तीच राहते. प्रत्येक अक्षराची संख्या जवळजवळ वेगळी. म्हणजे अक्षर वाचायचीच गरज नाही, पिक्सेल मोजा! मोजून, यादीशी ताडून, थोडी डागडुजी करून त्यांनी तो कॅप्चा जवळपास शंभर टक्के सोडवला.

आता सांगा, यात एआयमधला कुठला कठीण प्रश्न सुटला? एकही नाही. कॅप्चा मात्र मोडला. दोन शक्यतांच्या मधून ही तिसरी निघाली.

मायक्रोसॉफ्टची मंडळी तोवर शहाणी झाली होती. त्यांच्याच कुमार चेल्लापिल्ला, पॅट्रिस सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की सुटं अक्षर ओळखण्यात यंत्र माणसाच्या पुढे गेलेलं आहे. यंत्राला अवघड जातं ते अक्षरं एकमेकांपासून सुटी करणं. म्हणून कॅप्चामध्ये अक्षरांसारख्याच दिसणाऱ्या कमानी टाकायच्या, की अक्षर कुठे संपतं हेच कळू नये. त्यांनी उद्दिष्टही आकड्यात मांडलं: माणसाने किमान ९० टक्के वेळा पास व्हावं आणि प्रोग्रामने ०.०१ टक्क्याहून जास्त नको, म्हणजे दहा हजारांत एकदा. उद्दिष्ट असं आकड्यात मांडणं ही चांगल्या संशोधनाची खूण आहे, कारण त्यामुळे नंतर कुणालाही ते तपासता येतं.

यान यांनी तपासलं. २००८ चा निकाल: अक्षरं सुटी करण्यात ९२ टक्के यश, पूर्ण कॅप्चा सोडवण्यात अंदाजे ६० टक्के. सुटं करायला साध्या डेस्कटॉपवर सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नव्हता. कुठे ०.०१ आणि कुठे ६०! इथेही पद्धत साधीच होती. कमानी आणि अक्षरं यांची ठेवण आणि ठिपक्यांची संख्या यांत फरक होता, तो त्यांनी हेरला.

मांजर की कुत्रा?

अक्षरं सोडा, फोटो दाखवू, असा विचार पुढे आला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००७ मध्ये असिरा नावाची चाचणी मांडली. बारा फोटो, त्यांतली सगळी मांजरं निवडायची. फोटो आले पेटफाइंडर या अमेरिकेतल्या प्राणी दत्तक देणाऱ्या संकेतस्थळाकडून, तीस लाखांहून जास्त. माणसं ९९.६ टक्के वेळा तीस सेकंदांच्या आत सोडवत होती. यंत्राचं काय? त्या काळचा अंदाज असा होता की यंत्र एका फोटोत ६० टक्के वेळा बरोबर सांगेल. बारा फोटो सलग बरोबर यायचे, म्हणजे ०.६ चा बारावा घात. उत्तर साधारण ०.२ टक्के.

गणित चोख होतं. अडचण त्या ६० मध्ये होती. पुढच्याच वर्षी पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या फिलिप गोल यांनी रंग आणि पोत यांवरून शिकणारा वर्गीकारक बनवला. त्याला कान, मिशा, शेपूट काही कळत नव्हतं. तरी एका फोटोत त्याची अचूकता ८२.७ टक्के भरली. बाराव्या घाताने ती होते १०.३ टक्के. एका फोटोत तेवीस टक्क्यांची सुधारणा, आणि पूर्ण चाचणीत पन्नास पट!

वहीत हे गणित एकदा स्वतः करून पाहा. घातांकाच्या आत बसलेलं गृहीतक थोडंसं हललं तरी बाहेरचा आकडा कोसळतो. २०१३ मध्ये कॅगलवर याच असिराच्या फोटोंची स्पर्धा झाली. विजेत्याची अचूकता ९८.९ टक्के, म्हणजे बारा फोटोंना जवळजवळ ८८ टक्के. २०१४ मध्ये असिरा बंद झाली.

प्रोग्राम कशाला, माणूसच भाड्याने घ्या

आतापर्यंतच्या सगळ्या आकडेमोडीत समोर यंत्र आहे असं धरलं होतं. हल्लेखोराला तसं काही बंधन नव्हतं. त्याने चित्रं माणसांकडेच पाठवायला सुरुवात केली, आणि ही माणसं कुठली? बरीचशी आपल्या भागातली. एप्रिल २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मुंबईहून बातमी दिली: भारत, बांगलादेश, चीन इथली माणसं हजार कॅप्चांमागे ८० सेंट ते १.२० डॉलर अशा दराने हे काम करत होती.

त्याच वर्षी सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने या बाजाराचा रीतसर अभ्यास केला. स्वतः गिऱ्हाईक होऊन त्यांनी अशा सेवा विकत घेतल्या, वेळ आणि अचूकता मोजली. वेगवेगळ्या भाषांतले शब्द कॅप्चा म्हणून पाठवून सोडवणारे कुठले असावेत याचाही माग काढला. दर खाली खाली येत हजाराला एक डॉलर आणि काही ठिकाणी अर्ध्या डॉलरवर आला होता.

जरा हिशोब करू. त्याच वर्षीच्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात एका चित्राला माणसाला सरासरी ९.८ सेकंद लागत होते. सराईत माणूस यापेक्षा वेगवान असेल, पण दहा सेकंद धरा. हजार चित्रं म्हणजे पावणेतीन तास. त्याचे तेव्हाच्या दराने साधारण पंचेचाळीस रुपये, तेही मधल्या दलालाचा वाटा काढण्याआधी. ती वेडीवाकडी अक्षरं कुणीतरी या भावाने वाचत बसलं होतं, हे कॅप्चाच्या इतिहासातून वगळता येणार नाही.

सिद्धांताच्या दृष्टीने तर हा सगळ्यात मोठा धक्का. कॅप्चाने आपलं काम चोख केलं. समोर खरंच माणूस होता. हल्ला मात्र चालूच राहिला. कारण आपल्याला अडवायचा होता गैरवापर, आणि आपण मोजत होतो माणूसपण. या दोन गोष्टी एकच आहेत हे कुणी सिद्ध केलं होतं?

सॅन दिएगोच्या गटाने म्हणूनच प्रश्न बदलला. कॅप्चा मोडतो का, याऐवजी मोडायला किती खर्च येतो, असं विचारा. एक खोटं खातं उघडून हल्लेखोराला एका कॅप्चाच्या किमतीपेक्षा कमी मिळत असेल, तर कॅप्चा त्याला अडवतो. जास्त मिळत असेल तर नाही. या नजरेने कॅप्चाकडे पाहिलं तर तो टोलनाका आहे. टोल परवडत नाही ते परत जातात, बाकीचे पैसे भरून पुढे.

शेवटचा अंक

फॉन आन यांनी २००७ मध्ये रिकॅप्चा आणला. दोन शब्द दाखवायचे, एक माहीत असलेला आणि एक जुन्या छापील पानावरचा, यंत्राला न वाचता आलेला. लोक कॅप्चा सोडवता सोडवता जुनी वर्तमानपत्रं वाचून देत होते. पहिल्या वर्षभरात ४४ कोटींहून जास्त शब्द. २००९ मध्ये गूगलने तो घेतला, २०१२ पासून त्यात स्ट्रीट व्ह्यूमधले घरांचे क्रमांकही दिसू लागले. आणि २०१४ मध्ये घरांचे क्रमांक वाचण्यासाठी गूगलच्याच संशोधकांनी बनवलेल्या न्यूरल नेटवर्कने रिकॅप्चाची सर्वांत कठीण अक्षरं ९९.८ टक्के अचूकतेने वाचली. इथे २००३ च्या त्या वाक्याचा दुसरा भाग अक्षरशः खरा ठरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'मी रोबो नाही' असा चौकोन आला. संशय वाटलाच तर फोटो.

फोटोही टिकले नाहीत. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने ते ७०.७८ टक्के वेळा सोडवले. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएचमधल्या संशोधकांनी सहज मिळणारं योलो मॉडेल वापरून शंभर टक्क्यांपर्यंत मजल मारली. तोवर गूगलनेही चित्रावरचा भार कमी केला होता. २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत चित्रच नाही. तुमचं वागणं पाहून शून्य ते एक असा गुण दिला जातो.

टोल कुणी भरला?

या खर्चाच्या हिशोबात एक रकाना बरीच वर्षं कोराच राहिला, वापरणाऱ्याचा. स्टॅनफर्डच्या त्याच २०१० च्या अभ्यासात तीन माणसांना एकच चित्र दिलं तर तिघांचंही उत्तर सारखं येण्याचं प्रमाण ७१ टक्के होतं. आवाजाच्या कॅप्चात ३१ टक्के. आवाजाचा कॅप्चा कुणासाठी असतो? ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने २००५ मध्येच सांगितलं होतं की अशा चाचण्या दृष्टिहीनांना बाहेर ठेवतात.

२०२३ मध्ये जीपीटी-४ च्या तांत्रिक अहवालात एका चाचणीचं वर्णन आलं. मॉडेलने कॅप्चा सोडवून घेण्यासाठी टास्करॅबिटवरच्या एका माणसाला निरोप पाठवला. त्याने विचारलं, तू रोबो तर नाहीस? मॉडेलने सांगितलं, मला नीट दिसत नाही म्हणून मदत हवी आहे. माणसाने उत्तर देऊन टाकलं. ज्या लोकांसाठी कॅप्चा खरोखर भिंत होता, त्यांचीच सबब यंत्राने वापरली.

मग उत्तर काय?

चित्रांचे कॅप्चा हल्ले थांबवतात का? फुकटात चालणारे, आळशी, सरसकट हल्ले थांबवतात. अल्टाव्हिस्टापासून हे दिसतं. ज्याला तुमच्या दारातून आत येऊन पैसे मिळणार आहेत त्याला ते थांबवत नाहीत, आणि हे खोल न्यूरल नेटवर्कच्या आधीपासून खरं आहे. टोलची रक्कम मात्र आता इतकी खाली आली आहे की नाका उभा ठेवण्याचा त्रास बहुतेक प्रामाणिक लोकांनाच होतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी यातून काय घ्यायचं? 'ही पद्धत सुरक्षित आहे' असं वाक्य लिहिलंत की त्याखाली तीन गोष्टी लिहा: कुणापासून, कोणत्या वर्षीच्या साधनांसमोर, आणि किती खर्चापर्यंत. मग आपण जे मोजतो आहोत ते आणि जे अडवायचं आहे ते एकच आहे का, हे तपासा. आणि 'एक तर असं, नाही तर तसं' अशी मांडणी सुचली की तिसरी शक्यता शोधायला एखाद्या खोडकर मित्राला बसवा. युरोक्रिप्टचा तो निबंध मिळवून वाचाच. त्यातली 'कठीण' या शब्दाची व्याख्या दोनदा वाचा, आणि तुमच्या विषयातला कुठला शब्द असाच नुसत्या एकमतावर उभा आहे, ते शोधा.